थॉमस सांकारा : सुधारणा दंडुक्याने होतात का? (आणि आपले सयाजीराव)

दांडियाबाजारकर:

गेले काही महिने आमच्या फॅमिली ग्रुपवर बुर्किना फासोचा लष्करी सत्ताधीश, त्या ट्राओरेचे व्हिडिओ फिरताहेत. लष्करी कपडे, मागे ढॅणढॅण म्युझिक, आणि खाली कुणीतरी लिहितंच की असा एक माणूस आपल्याकडे पाहिजे. गंमत म्हणजे निम्म्या व्हिडिओंत चेहरा ट्राओरेचा आणि कामं थॉमस सांकाराची, चाळीस वर्षांपूर्वीची. म्हटलं नीट धागाच काढू, कारण सांकाराचे भक्त आणि त्याला शिव्या घालणारे दोघंही अर्धी-अर्धी गोष्ट सांगतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: तेव्हा बुर्किना फासोचं नाव अप्पर व्होल्टा. पश्चिम आफ्रिका, समुद्र नाही, उत्तरेकडून वाळवंट सरकत येतंय, फ्रेंच १९६० ला गेले पण नाड्या पॅरिसच्याच हातात, आणि दर काही वर्षांनी लष्करी उठाव. सांकारा हा सैन्यातला कॅप्टन. जानेवारी १९८३ ला पंतप्रधान झाला, मार्चमध्ये अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला नवी दिल्लीत येऊन गेला (क्युबाच्या कॅस्ट्रोशी पहिली भेट तिथलीच), मे मध्ये त्यालाच अटक, आणि ४ ऑगस्टला त्याचा जिगरी दोस्त ब्लेझ कोंपाओरे पो गावच्या छावणीतून कमांडो घेऊन राजधानी वागाडुगूत घुसला आणि ३३ वर्षांचा सांकारा गादीवर. पुढे चार वर्षं अडीच महिने. १५ ऑक्टोबर १९८७ ला त्याला आणि त्याच्याबरोबरच्या बारा जणांना गोळ्या घातल्या आणि खुर्चीवर कोण बसलं तर तोच जिगरी दोस्त. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं "नैसर्गिक मृत्यू".

या चार वर्षांत काय केलं ते वाचून माणूस चाट पडतो. नोव्हेंबर १९८४ ला लसीकरणाची मोहीम, गोवर पीतज्वर आणि मेनिंजायटिस, दोनेक आठवड्यांत वीस लाखांहून जास्त मुलं, आणि देशाची वस्ती तेव्हा ऐंशी लाखांच्या आतबाहेर. बाहेरचे तज्ज्ञ म्हणत होते एवढ्या घाईत जमणार नाही, यांनी करून दाखवलं. सरकारी मर्सिडीज विकल्या, मंत्र्यांना छोटी रेनो ५. खेड्यातली डोईपट्टी बंद, सरदारांची वेठबिगार बंद. २२ सप्टेंबर १९८४ ला फर्मान निघालं की आज बाजारहाट आणि स्वयंपाक पुरुषांनी करायचा, भाव काय चाललेत ते कळू दे. १९८५ अख्खं वर्ष राहत्या घरांचं भाडं माफ. सरकारी नोकरांनी देशी विणीचं सुती कापडच घालायचं.

आता दुसरी बाजू. गल्लोगल्ली क्रांतीच्या रक्षणासाठी समित्या, त्यातल्या पोरांच्या हातात बंदुका. लोकन्यायालयं, ज्यात आरोपीला वकील नाही आणि सुनावणी रेडिओवर, सगळा देश कान लावून. (तरी माजी राष्ट्राध्यक्ष लामिझाना तिथे निर्दोष सुटला, हेही सांगायला हवं.) जून १९८४ ला उठावाच्या कटाच्या आरोपाखाली सात जणांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात विरोधी सूर लावणाऱ्या वर्तमानपत्राचं ऑफिस जळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षकांनी संप केला तर हजाराच्या वर शिक्षक एका फटक्यात घरी.

माझा प्रश्न असा. आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव निघालं की छाती फुगवतो, आणि फुगवावीच. पण महाराजांनी काय मतं मागून केलं होतं? १९०४ ला बालविवाहाविरुद्ध कायदा आणि दंड. १९०६ ला सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला दंड. पुण्याला मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या बिलावरून केवढा धुरळा उडाला होता, आणि इथे हुकूम निघाला की संपलं. मग एकाला हार आणि दुसऱ्याला "हुकूमशहा", असं का?

माझ्या मते राजा की कॅप्टन याने फार फरक पडत नाही. सक्ती शेवटी गावात कुणीतरी राबवतो, मास्तर, नर्स, तलाठी. तो माणूस आहे का, आणि वरचा माणूस त्याला टिकू देतो का, सगळा खेळ तिथे. सांकाराचं लसीकरण चाललं कारण लस घेऊन कुणीतरी दारात आलं. शिक्षण गडगडलं कारण शिकवणाऱ्यालाच हाकललं. बोला.

सेवउसळ:

एवढं मोठं लिहिलंय की चहा दोनदा झाला माझा. पण एक सांगा, चोरांना बिनवकिलाचं उभं केलं तर बिघडलं कुठे? आपल्याकडे केस चालू होते तेव्हा आरोपी तरुण असतो आणि निकाल लागतो तेव्हा त्याचा नातू कोर्टात हात धरून आणतो. रेडिओवर लाईव्ह सुनावणी म्हणजे तर एक नंबर. आणि भाडं माफ करणारा मला कुठलाही कॅप्टन चालेल, रावपुऱ्यात दोन खोल्यांना काय मागतात माहितीये ने?

इंदूरी_पोहा:

@सेवउसळ भिया, भाडं माफ झालं तेव्हा घरमालक म्हणून कोण होते विचार. सगळेच काही शेठ नव्हते, पुष्कळ जण पेन्शनीतून एक खोली बांधून भाड्यावर दोन वेळचं खाणारे. आणि पुढच्या वर्षी भाडं परत सुरूच झालं. टाळ्या घेणारा निर्णय होता तो, बाकी काही नाही.

आणि बडोद्याच्या मंडळींनो, सक्तीचं बघायला आफ्रिकेत कशाला जाता, आणीबाणीतलं १९७६ विसरलात का? एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या. मास्तरांना कोटा, पटवाऱ्याला कोटा, केसेस आणा नाहीतर पगार अडकला. इथे तुमचा तो "गावातला माणूस" होताच की, जागेवरच होता, टिकूनही होता! मग काय झालं? १९७७ ला उत्तर भारतात सुपडा साफ, आणि कार्यक्रमाचं नावच बदलून "कुटुंबकल्याण" करावं लागलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं पुरुष नसबंदीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हा तुमची थिअरी मला अर्धी वाटते.

दांडियाबाजारकर:

पॉइंट वजनदार आहे. पण त्यात मास्तरला राबवणारा म्हणून वापरला नाही, शिकारी केला. ज्या माणसावर गावाचा विश्वास होता त्यालाच लोक बघून पळायला लागले. म्हणजे माणूस जागेवर राहिला पण त्याची पत गेली.

निवृत्त_मास्तर:

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण शिक्षकांचा विषय निघाला म्हणून.

सांकाराने जे शिक्षक काढले त्यांच्या जागी काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन "क्रांतिकारी शिक्षक" नेमले. पस्तीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, खडू धरायला आठवडा पुरतो, चाळीस पोरांचा वर्ग धरायला काही वर्षं जातात. पुढे १९८६ ला त्याने गावोगाव साक्षरता मोहीम काढली, तिथल्या स्थानिक भाषांतून, कल्पना उत्तमच. पण ज्यांनी ती पेलायची ते लोक घरी बसवलेले. १९८७ ला त्याच्याच सरकारात काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना परत घ्यायची भाषा सुरू झाली होती, म्हणजे त्यालाही ते जाणवत असणार.

आता महाराजांचं बघा. सक्ती त्यांनी एकदम सगळ्या राज्यावर लादली नाही. आधी अमरेली, १८९३ च्या सुमारास, गाव आणि आसपासची नऊ खेडी. तेरा वर्षं ते चालवून बघितलं, कुठे दंड वसूल होतो, कुठे नाही, मुली किती वयापर्यंत येतात, शेतीच्या हंगामात काय करायचं. मग १९०६. आणि पाठोपाठ वाचनालयं, १९१० पासून तर अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबाला बोलावून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, कारण शिकलेल्या पोराला वाचायला काही नसेल तर दोन वर्षांत तो परत अंगठ्यावर येतो. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत जो कुणी जाऊन बसला असेल त्याला हे सांगायला नको.

तेरा वर्षं ही सांकाराकडे नव्हतीच. त्याला आत कुठेतरी माहीत असावं की आपल्याला वेळ नाही. गादी जन्माने (किंवा दत्तक जाऊन) मिळालेल्या माणसाला घाई नसते. हा फरक मला तुमच्या मूळ मुद्द्यापेक्षा मोठा वाटतो.

लेहरीपुरा_ताई:

मास्तर, शाळांचं कबूल. पण बालविवाहाच्या कायद्याचं आपल्याकडे जरा जास्तच गोडवे गातात. १९०४ च्या कायद्यात मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६, त्यातही परवानगी काढून सूट मिळायची सोय. दंड होता पण लोक काय करायचे, मांडव, वाजंत्री, जेवणावळ आणि दंड, सगळं एकाच यादीत धरायचे. खटले ढिगाने झाले, लग्नंही झाली. पुढे वय वाढलं, कायदा कडक केला, १९३१ ला तर हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही आणला, सगळ्या देशासाठी तसा कायदा यायला १९५५ उजाडलं, त्याबद्दल महाराजांना दंडवत. पण दंडाने मुलींची लग्नं थांबली असं कुणी सांगत असेल तर मी नाही मानत, मुली शाळेत जास्त वर्षं राहायला लागल्या तेव्हा थांबली.

आणि सांकाराच्या बाबतीत रील्समध्ये एक गोष्ट सर्रास ठोकून देतात की त्याने मुलींची सुंता कायद्याने बंद केली. तो कायदा १९९६ चा आहे! सांकाराने त्याविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली, मोहीम काढली, सरकारकडूनच सुंतेला विरोध सुरू झाला, हे खरं आणि हे छोटं नाही. सक्तीचं लग्न, विधवेला दिराच्या गळ्यात बांधणं, वधूमूल्य, या सगळ्यावर तो बोलत होता. ८ मार्च १९८७ चं त्याचं भाषण बायकांवर आहे, आणि ते नुसतं हारतुऱ्यांचं भाषण नाही, घरात क्रांतिकारकही बायकोशी सरंजामदारासारखा वागतो असं तोंडावर सुनावलंय. पण कुटुंब संहिता, म्हणजे लग्नाबिग्नाचा कायदा? ती कागदावर आली नोव्हेंबर १९८९ ला, त्याला मारून दोन वर्षं झाल्यावर, कोंपाओरेच्या राज्यात. मुलीचं लग्नाचं वय १७, मुलाचं २०, सक्तीचं लग्न आणि वधूमूल्य बाद.

सेवउसळ:

थांबा थांबा, म्हणजे ज्याने मारलं त्यानेच त्याचा कायदा पास केला??

लेहरीपुरा_ताई:

हो. काम सांकाराच्या वेळी सुरू झालं होतं, कोंपाओरेने ते गुंडाळलं नाही. बाकी पुष्कळ गुंडाळलं, वर्ल्ड बँकेच्या दारात गेला, पण हे राहिलं.

काबुलीचणा:

धाग्यात उशिरा आलो. अफगाणिस्तानचं कुणीच काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. एप्रिल १९७८ ला खल्कवाले, म्हणजे तिथले कम्युनिस्ट, सत्तेवर आले, आणि ऑक्टोबरात सातवं फर्मान: मेहेर (लग्नात मुलीसाठी द्यायची रक्कम) ३०० अफगाणीपेक्षा जास्त घ्यायचा नाही, मुलगी १६, मुलगा १८, जबरदस्तीचं लग्न गुन्हा. त्याआधी सहावं, सावकाराची गहाणं आणि व्याज माफ. त्यानंतर आठवं, जमीनवाटप. कागदावर वाचलं तर फुले-आगरकर खूश झाले असते. प्रत्यक्षात काय, सावकार गेला पण बी-बियाण्याला पैसे देणारं दुसरं कुणी आणलंच नाही, बँक नाही सोसायटी नाही, शेतकरी पेरणीला हात चोळत बसला. साक्षरतेच्या वर्गाला बायकांना जबरदस्तीने बसवायला काबूलची पोरं खेड्यात गेली. जो बोलेल तो पुल-ए-चरखीच्या तुरुंगात. मार्च १९७९ ला हेरात पेटलं, वर्षाच्या आत राष्ट्राध्यक्ष तराकीला त्याच्याच साथीदार अमीनने संपवला, डिसेंबरात रशियन आले आणि त्यांनी अमीनला मारला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

याच्यापुढे सांकारा म्हणजे संत. त्याने निदान बायकोचं आणि स्वतःचं सगळं जाहीर केलं, पगार, गिटारी, सायकली, फ्रीजसकट. आणि खेड्यातल्या माणसाला त्याने आधी काहीतरी दिलं, लस दिली, डोईपट्टी काढली, मग त्याच्या सवयींना हात घातला. खल्कवाल्यांनी उलट क्रमाने केलं.

दांडियाबाजारकर:

@काबुलीचणा "सावकार गेला पण बियाण्याला पैसे देणारं कुणी आणलं नाही", हेच मला म्हणायचं होतं आणि मी त्यासाठी चार पॅरा खर्च केले.

सूरसागर_काठ:

सगळे महाराजांना तराजूत घालताय तर एक वजन माझंही टाका. १९१७. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांना याच महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत आले. गावात राहायला खोली मिळेना. पारशी सराईत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकायचे. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला त्याची जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून दाखवतो पाहुण्यांना. अस्पृश्यांसाठी शाळा महाराजांनी १८८० च्या दशकातच काढल्या होत्या. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं हुकूम चालू होते. आणि राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर महाराजांच्याच अधिकाऱ्याला कुणी छप्पर देईना, आणि महाराजांचा हुकूम तिथे काहीच करू शकला नाही.

हे बोलल्यावर काही लोकांना राग येतो म्हणून आधीच सांगतो, मी महाराजांना कमी लेखत नाहीये. तो माणूस नसता तर कोलंबिया नसतं. पण हुकूम शाळेच्या दारापर्यंत जातो, घरमालकाच्या दारात नाही जात. वागाडुगूत पुरुषांना एक दिवस बाजारात पाठवलं, छान, दुसऱ्या दिवशी पिशवी परत बाईच्या हातात. तुम्ही काय समजता.

इंदूरी_पोहा:

सूरसागर, हे लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर बडोद्याच्या धाग्यावर महाराजांची आरती झाल्याशिवाय पान हलत नाही. (इंदूरवाले पण काही कमी नाहीत म्हणा, अहिल्याबाईंचं नाव निघालं की आमचंही तेच.)

निवृत्त_मास्तर:

सूरसागर, तुमचं वजन तराजूत राहू द्या, काढू नका. फक्त एवढं जोडतो की त्या वेळी सराईच्या दारातल्या लोकांविरुद्ध बाबासाहेबांना दाद मागायला जागा नव्हती. वर्तमानपत्र नव्हतं, संघटना नव्हती, महाराजांकडे अर्ज एवढाच मार्ग, आणि अर्ज दिवाणाकडे गेला की तिथेच. पुढे बाबासाहेबांनी स्वतः वृत्तपत्र काढलं, संघटना काढल्या, ते काही उगीच नाही.

सांकाराचंही तिथेच अडलं असं मला वाटतं. शिक्षकांची युनियन मोडली, पेपर बंद पडला, सरदारांना बाजूला सारलं (ते योग्यच होतं), समित्यांच्या पोरांनी लोकांना इतकं छळलं की शेवटी त्याने स्वतःच त्यांच्यावर टीका केली. १५ ऑक्टोबरला गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा लोक रडले, कबरीवर चिठ्ठ्या ठेवून आले, पण रस्त्यावर उतरून त्याला वाचवणारं संघटित असं कुणी उरलंच नव्हतं. शिक्षक उतरले असते? का उतरतील?

सेवउसळ:

मास्तर आता मला वाईट वाटायला लागलं. बरं मग तो नवीन ट्राओरे? तो तर सांकाराचं नाव घेतो ने.

दांडियाबाजारकर:

नाव घेतो, २०२३ ला सांकाराला राष्ट्रवीर जाहीर केलं, राजधानीतल्या शार्ल द गॉलच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. पण मधली गोष्ट माहीत पाहिजे. कोंपाओरेने २७ वर्षं राज्य केलं, २०१४ च्या ऑक्टोबरात घटना बदलून अजून बसायला निघाला तेव्हा लोक रस्त्यावर आले, त्यात पुढे होती "नागरिकांचा झाडू" नावाची तरुणांची चळवळ, सांकाराचे फोटो हातात आणि खरेखुरे झाडू. कोंपाओरे पळाला आयव्हरी कोस्टला. सांकाराच्या खुनाचा खटला चालला, एप्रिल २०२२ ला कोंपाओरेला गैरहजेरीत जन्मठेप. कोंपाओरेला हटवलं ते बिनबंदुकीच्या लोकांनी. आणि ट्राओरे सप्टेंबर २०२२ ला उठाव करून आल्यावर त्याने विरोधात बोलणाऱ्या पत्रकारांना, न्यायाधीशांना आणि याच झाडूवाल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांना सक्तीची भरती म्हणून उचलून जिहाद्यांविरुद्धच्या आघाडीवर पाठवलं.

इंदूरी_पोहा:

म्हणजे सांकाराच्या नावाने सांकाराचीच पोरं उचलली. भारीच आहे.

लेहरीपुरा_ताई:

त्या कुटुंब संहितेचं एक राहिलं सांगायचं, कारण नाहीतर वाटेल कायदा झाला आणि प्रश्न मिटला. २०१० च्या सर्व्हेत तिथे वीस ते चोवीस वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. सुंतेविरुद्धच्या कायद्याचं मात्र जरा बरं आहे, तिथे तक्रार द्यायला फोन नंबर ठेवला, गावात पथकं पाठवली, करणाऱ्या बायकांना खरोखर शिक्षा झाल्या, आणि लहान मुलींमधलं प्रमाण आयांपेक्षा बरंच उतरलंय. तोही दंडुकाच, मास्तर. फक्त फोन करणारी बहुतेक वेळा त्याच गल्लीतली असते.

निवृत्त_मास्तर:

हे मला माहीत नव्हतं. ताई, त्या पथकांबद्दल वेगळा धागा काढा, इथे खाली दबून जाईल.